असल कुठंय?

साळवे काकांच्या लॅबमध्ये फोटो छापायला आलेल्या माणसाला आधी उलटतपासणीला तोंड द्यावं लागे. फोटो कुणी काढला, कशावर काढला, काढल्यावर कुणाकुणाच्या मोबाइलमधून फिरून इथपर्यंत आला, वाटेत कुणी तो 'छान' केला का, आणि छापून तो लावणार कुठं. आमच्याकडे मुलीच्या स्थळाचीसुद्धा एवढी चौकशी होत नाही. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, छापा ना काका आता. त्यावर काका मान तिरपी करून विचारायचे, "छापतो की. असल कुठंय?"

'असल' म्हणजे मूळ फाईल, कॅमेऱ्यातून पहिल्यांदा उतरवलेली. ती नसेल तर काकांच्या लेखी हातातला फोटो ही नुसती ऐकीव बातमी होती. पुंडलिकनगरच्या मुख्य रस्त्यावर एका मेडिकल दुकानाशेजारी त्यांची लॅब होती आणि मी तिथं साडेपाच वर्षं लग्नाचे अल्बम बनवायचं काम केलं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं आणि तरीही चारी बाजूंनी इमारती उठत होत्या. काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागणार, म्हणून मी ते टाळत आले होते.

त्यांचं नाव कचरू. आधीची दोन भावंडं वाचली नाहीत, म्हणून आईनं मुद्दाम असं नाव ठेवलं. अशा नावाच्या पोराकडं मरणाचं लक्ष जात नाही, असं तेव्हा मानत. "म्हणजे माझी सुरुवातच फसवाफसवीतून झाली," असं ते स्वतः सांगायचे, आणि सांगताना हसायचे नाहीत. गाव खुलताबादच्या अलीकडचं, डोंगराच्या कुशीतलं. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा बुशशर्ट, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेलं एक छोटं भिंग. तरुणपणी पंधरा वर्षं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुतलेले. पुढं फिल्म गेली, डिजिटल आलं. काकांनी कर्ज न काढता जुनं मशीन घेतलं आणि लॅब टाकली, पण उजेडात काम करायची त्यांना कधी पूर्ण खात्री वाटली नाही असं मला वाटतं.

त्यांचा संशय सगळ्यांत जास्त मेगापिक्सलवर. मोबाइलच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला तो आकडा वाचून लोक छाती पुढं काढून यायचे. काका त्यांना बसवून समजावायचे, आणि समजावताना कायम रांगोळीवर यायचे. मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके, बस. हातात धरून बघायच्या फोटोला एका इंचात तीनशे ठिपके मिळाले की तो स्वच्छ दिसतो. "दहा ठिपक्यांची रांगोळी दारापुढं शोभती. तेच दहा ठिपके चौकभर पसरले तर मधी काय ऱ्हाईल? मोकळं. अन् मशीनला मोकळं ठिवता येत नाय. ते आपल्या मनानं भरतंय." हे 'मनानं भरतंय' म्हणताना ते आवाज खाली आणायचे. एखाद्या घरातली भानगड सांगावी तसे.

एकदा एक बँकेतले साहेब आले. सिडकोच्या पलीकडे नव्या सोसायटीत फ्लॅट घेतलेला, खिशात तेरा मेगापिक्सलचा नवा मोबाइल. काकांकडं सहा मेगापिक्सलचा जुना कॅमेरा बघून त्यांना दया आली. काकांनी काही वाद घातला नाही. साहेबांच्या मुलीला दुकानातल्या मंद उजेडात बाकावर बसवलं, दोन्हींनी एकेक फोटो काढला, दोन्ही आठ बाय बारा इंचांवर छापले आणि मागं काही न लिहिता पुढं ठेवले. साहेबांनी क्षणभरही न थांबता जुन्या कॅमेऱ्याचा फोटो उचलला. दुसऱ्यात मुलीचे केस म्हणजे नुसता काळा लेप झाला होता. काकांनी खरं सांगितल्यावर साहेब चिडले. म्हणाले, तुम्ही फोटोंची अदलाबदल केली असणार. मला वाटलं, आता भांडण होणार. काकांचा चेहरा मात्र खुलला. "हां, असा संशय पायजे माणसाला," असं म्हणून त्यांनी साहेबांना चहा पाजला. पुढं ते साहेब आमचे नेहमीचे गिऱ्हाईक झाले आणि दर वेळी दोघं एकमेकांवर संशय घेत तासभर बसायचे.

ठिपक्यांइतकंच काका अंतराला मानायचे. फोटो भिंतीवर लागणार म्हटलं की गिऱ्हाइकाला उभं करून मागं मागं चालायला लावायचे. कुठून बघणार, सोफ्यावरून? मग व्हा मागं, अजून मागं. चांगले चांगले लोक उलटं चालत ओट्यापर्यंत गेलेले मी बघितलेत. आमच्या वॉर्डातून निवडणुकीला उभं राहायची तयारी करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी मोबाइलवर आलेला स्वतःचा एक फोटो चौकातल्या वीस फुटी फ्लेक्ससाठी दिला होता आणि तो झकास दिसत होता. तोच त्यांना दिवाणखान्यासाठी फ्रेम करून हवा होता. काका म्हणाले, होणार नाही. गृहस्थ भडकले, चौकात चालतो आणि घरात चालत नाही, हा काय प्रकार? काका शांतपणे म्हणाले, "साहेब, साठ फुटांवरून कुणीबी चांगलंच दिसतं. घरात लोक जवळ येतात." मला काउंटरखाली वाकून हसू आवरावं लागलं.

दुष्काळाची ती वर्षं काकांच्या स्वभावाला खतपाणी घालणारीच होती. मशीनमधली रसायनं कालवायला चांगलं पाणी लागायचं आणि पाणी टँकरचं. टँकर आला की काका आधी ओंजळभर पाणी उन्हात धरून बघायचे, मग हुंगायचे, मग त्यावर एक कोरा कागद मशीनमधून काढायचे. पांढऱ्यावर पिवळी झाक दिसली की टँकरवाल्याची चौकशी सुरू. कुठली विहीर, परवा तर दुसरी सांगितली होती. टँकरवाला हात जोडायचा. काकांच्या गावाकडं माळ काळा पडला होता, लोक जनावरं विकून शहरात मजुरीला येत होते, आणि त्यांच्याच हातांनी पडेगावच्या बाजूला नव्या इमारती चढत होत्या. काका स्कूटरवरून ते बघून यायचे आणि पाणी नसलेल्या गावात एवढी घरं कुणासाठी बांधतायत, यातही काहीतरी आहे असं म्हणायचे.

मग माझ्यावर संशय न घेऊन कसं चालेल? पहिलं वर्षभर मी बनवलेलं अल्बमचं प्रत्येक पान ते पुन्हा उघडून बघायचे. मी मुळात तापट. माझ्या पाठीमागं येऊन भिंग लावून कुणी स्क्रीन बघायला लागलं की माझं डोकं फिरायचं. दोनदा तर मी पर्स उचलून निघाले होते. मग एकदा असं झालं की एकाच मांडवात दोन चुलत भावांची लग्नं लागली आणि फोटो देताना फोटोग्राफरनं दोन्ही नवऱ्या एकमेकींच्या फोल्डरमध्ये घातल्या. साड्या एकसारख्या, मुंडावळ्या एकसारख्या. काकांनी भिंगातून बघूनही ते सुटलं, आणि मी एकीच्या हनुवटीवरच्या गोंदणावरून पकडलं. छापलं गेलं असतं तर दोन घरांत आग लागली असती. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मशीनवरच्या माणसासमोर जाहीर केलं की आजपासून ताईंच्या फायली मी उघडणार नाही. त्यांनी तो शब्द पाळला. आयुष्यात एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

आता जे सांगते ते मी तेव्हा कुणालाही सांगितलं नव्हतं. असल कधी पुसायची नाही, हा काकांचा नियम. पण काकांचा हार्ड डिस्क विकणाऱ्यांवरही विश्वास नव्हता. नवी आणली की महिनाभर तपासल्याशिवाय कामाला लावायचे नाहीत. त्या उन्हाळ्यात लग्नं दाट होती, वीज जात होती, कॉम्प्युटर भरून धापा टाकत होता आणि मला संध्याकाळी घरी जाऊन पाणी भरायचं होतं. मग मी एक युक्ती केली. अल्बम पोचता झाला की त्या लग्नाचे सगळे फोटो एका आज्ञेत छोटे करून ठेवायचे आणि मोठे पुसायचे. स्क्रीनवर ते अगदी तसेच दिसायचे. अल्बममध्ये न घेतलेला फोटो वर्षभरानंतर कोण मागायला येतो, असं मी स्वतःला सांगितलं. एका उन्हाळ्यात मी पंधरा-वीस लग्नं अशी आवळून ठेवली. काकांनी कधी उघडून बघितलं नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात कौसाबाई आली. पडेगावच्या एका बांधकामावर मजुरी करणारी, पन्नाशीला टेकलेली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचे वडील पाच दिवसांपासून घरी आले नव्हते. माळावर चारा राहिला नाही म्हणून कळप विकला आणि वडिलांना तिनं आपल्या खोलीवर आणलं. म्हातारा रोज सकाळी मेंढरं शोधायला म्हणून निघायचा आणि दुपारी कुणीतरी आणून सोडायचं. त्या दिवशी कुणी आणून सोडलं नाही. तिनं पोलिसांत सांगितलं होतं, तिथं फोटो मागितला होता. भिंतींवर लावायला मोठा फोटो छापून द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिनं शेजारणीचा मोबाइल पुढं केला.

काकांनी तिलाही सोडलं नाही. गाव कोणतं, मेंढरं कुणाच्या रानात बसवायचे, म्हाताऱ्याचं घरात कुणाशी वाजलं होतं का. मला तिची इतकी कीव आली की मी मधे बोलले, पण काकांनी हातानं मला गप्प केलं. आधार कार्ड? ते म्हाताऱ्यानं कधीच कुठंतरी हरवलं होतं. घरी होती ती झेरॉक्स, आणि तीत चेहऱ्याच्या जागी काळा डाग. बाकी आयुष्यभरात एकच फोटो, मोबाइलमधला, खुलताबादच्या एका लग्नातला. पंचवीस माणसांचा घोळका आणि कडेला फेटा बांधलेला म्हातारा. काकांनी तो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. फेटा, मिशी आणि दोन काळसर ठिकाणं.

"बघा बाई," काका म्हणाले, "हे मोठं केलं तर मशीन आपल्या मनानं भरंल. मग ह्यो कुणाचाबी बाप दिसंल."

"पर हाय तर माझाच ना," कौसाबाई म्हणाली.

काकांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि या वेळी उत्तर शोधायला स्वतः निघाले. भर दुपारी स्कूटर काढली. शेजारणीला फोटो मिळाला होता कौसाबाईच्या भाच्याकडून, तो वाळूजला कारखान्यात. काका वाळूजला गेले. भाच्याला तो मिळाला होता नवरीच्या भावाकडून. काका त्याच्यामागं खुलताबादला गेले. तिथं लग्नाचा फोटोग्राफर सापडला. त्याचा कॅमेरा सोळा मेगापिक्सलचा होता, म्हणजे असल असेल तर म्हाताऱ्याचा चेहरा नीट मिळणार होता. फोटोग्राफरनं कार्डं केव्हाच पुसली होती. तो म्हणाला, "काका, ते काम तुमच्याकडंच दिलं व्हतं की. सगळे फोटो तुमच्याच लॅबमधी असतील."

काकांचा मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मी ओळखला नाही, इतका तो हलका झाला होता. "ताई, आपल्याकडंच हाय. आपण कवा पुसत नाय. काढून ठिवा." मागून कुणाला तरी ते सांगत होते की आता काळजी नाही.

मी फोल्डर उघडायच्या आधीच मला माहीत होतं. ते लग्न मी आवळलेल्यांपैकी होतं. छोट्या फाईलमध्ये म्हाताऱ्याचा चेहरा जेमतेम पंचवीस-तीस ठिपके रुंद, कौसाबाईच्या मोबाइलमध्ये होता तेवढाच. मी अल्बमची पानं उघडली, ती तरी पूर्ण आकाराची होती. तो घोळक्याचा फोटो एका पानावर घेतलेला होता, पण कडा मऊ दिसाव्यात म्हणून मी त्या गुलाबाच्या फुलांत विरघळवल्या होत्या. म्हातारा कडेलाच होता. अर्धा चेहरा फुलांत गेला होता.

काका येईपर्यंत माझ्याकडे तास-दीड तास होता. खरं सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण 'ताईंच्या फायली मी उघडणार नाही' हे वाक्य माझ्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं, आणि ते वाक्य मला गमवायचं नव्हतं. आमच्याकडे गेलेल्या माणसांचे फोटो हारासाठी मोठे करायला येतात. त्यांना फेटा चढवायचा, मिटलेले डोळे उघडायचे, ओठ नीट करायचे, हे सगळ्या स्टुडिओंत चालतं आणि माझा त्यात हात बसलेला होता. मी म्हाताऱ्याचा चेहरा मोठा केला, सुरकुत्या घातल्या, मिशीचे केस रेखले. डोळे काही केल्या जमेनात, ते मी दुसऱ्याच एका अल्बममधल्या आजोबांचे घेतले. चेहरा सुंदर झाला. काका आले, त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, म्हणाले, "वा." गळ्यातलं भिंग त्यांनी उचललंही नाही. पोस्टरचा आकार काय ठेवायचा एवढंच बोलले आणि छापायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई पोस्टर न्यायला आली तेव्हा काका आत मशीनवर होते. तिनं फोटो हातात घेतला आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाली, आबा किती वर्षांनी असे दिसले, आणि तुम्ही त्यांचा डोळाही नीट केला. मी विचारलं, कुठला डोळा? ती म्हणाली, "डावा पांढरा हाय ना त्यांचा. बाभळीचा काटा लागला व्हता. तुम्ही लई चांगलं केलं." तिला वाटलं, मोठ्या फोटोत असंच करतात, तो मान द्यायचा असतो. पोस्टरांचा गठ्ठा तिच्या काखेत होता. काका दहा पावलांवर होते. मी गप्प बसले.

पोस्टर बसस्थानकावर लागले, पडेगावात लागले, दौलताबादच्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्यांवर लागले. चार दिवसांनी पैठणहून फोन आला. काका आनंदानं कौसाबाईला गाडीत बसवून आले. तो दुसराच कुणी म्हातारा निघाला. मग जालन्याहून फोन आला. ती तिथंही गेली, एकटी, उन्हात, कामाचे खाडे करून. तिथला म्हातारा हुबेहूब पोस्टरसारखा होता म्हणे. परत आल्यावर ती सरळ लॅबमध्ये आली आणि बाकावर बसली. पाणी दिलं तर तिनं प्यायलं नाही.

"दादा," ती काकांना म्हणाली, "फोटोतला माणूस लोकांना सापडतोय. माझा बाप सापडंना."

काका उठले. आमच्या भिंतीवर लावलेलं पोस्टर त्यांनी काढून काउंटरवर पसरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. किती वेळ ते वाकलेले होते कोण जाणे. भिंग त्यांनी कपाळावरून हनुवटीपर्यंत फिरवलं आणि पुन्हा वर आणून डोळ्यांवर थांबवलं. मग मान वर न करता विचारलं, "कौसाबाई, आबांचे दोन्ही डोळे चांगले हायती?"

"नाय ओ. डावा पांढरा हाय. तुम्हीच नीट केला की फोटोत. त्या ताईंना मी म्हणले बी तसं."

काकांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. आवळलेली लग्नं, गुलाबाची फुलं, दुसऱ्याच्या आजोबांचे डोळे. बोलताना मला रडू येत होतं आणि रडण्याची लाजही वाटत होती. ते ओरडतील, हाकलून देतील, असं मला वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. काका फक्त म्हणाले, "मी बघितलं नाय." थोड्या वेळानं पुन्हा तेच. "मी बघायला पायजे व्हतं, बघितलं नाय." आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, आणि एका माणसावर घेतला नाही, त्याची किंमत म्हातारा मोजत होता. हे त्यांनी म्हटलं नाही. ते माझं मी म्हणून घेतलं.

त्याच दुपारी आम्ही पोस्टर काढायला निघालो. काका पुढं, मी मागं बसलेली, मांडीवर पाण्याची बाटली. चिकटलेला कागद सुटावा म्हणून ते प्यायच्या पाण्यानं फडकं भिजवत होते. त्या वर्षी तसं पाणी कुणी भिंतीवर घालत नसे. प्रत्येक भिंतीवरून माझ्याकडं बघणारे ते दोन ठणठणीत डोळे मी नखांनी खरवडून काढले. संध्याकाळी कौसाबाईला बसवून काकांनी तिच्याकडून एकेक खूण विचारून घेतली, पहिल्या दिवशीसारखीच कडक उलटतपासणी करत. मग नवा कागद छापला. त्यात फोटो होता तेवढाच, नखाएवढा, एक ठिपकाही न भरलेला. बाकी सगळी अक्षरं. डावा डोळा पांढरा. उजव्या पायानं लंगडतात. तोंडानं मेंढरांना हाका मारत चालतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडेगावच्या पुढच्या एका शेळ्यांच्या गोठ्यावरून फोन आला. आबा तिथं होते. शेळ्या बघून आत शिरले होते आणि तिथंच राहिले होते. गोठेवाला बिचारा भला माणूस, दोन वेळ भाकरी देत होता. त्यानं आमचं पहिलं पोस्टर टपरीवर बघितलं होतं, एक काढून घरीही आणलं होतं आणि म्हाताऱ्याच्या शेजारी धरून ताडून बघितलं होतं. "मी म्हणलं, ह्यो तो नाय," त्यानं काकांना सांगितलं. "त्याला दोन डोळे हायती." हे झालं ते पहिलं पोस्टर लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यानंतर म्हातारा आठ दिवस तापानं तिथं पडून होता. ते आठ दिवस माझे आहेत, मी ते कुणाला वाटून देऊ शकत नाही.

मी काकांना सांगितलं की या महिन्यानंतर मी येणार नाही. तो महिना संपल्यावर आमची पुन्हा भेट झाली नाही; ते गेल्याचंही मला उशिरा कळलं. माझ्या शेवटच्या दिवशी कौसाबाई आबांना घेऊन लॅबमध्ये आली होती. काकांनीच बोलावलं होतं, घरात एक नीट फोटो असावा म्हणून. आबा बाकावर बसले, फेटा सैल, पाय भेगाळलेले, दाढी वाढलेली. काकांनी खिडकी उघडली, फोटो काढला, कार्ड माझ्या हातात दिलं. मी सवयीनं कॉम्प्युटरकडं वळले.

"थांबा ताई," काका म्हणाले.

त्यांनी एक स्टूल ओढून आबांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. कॉम्प्युटर कुठं पळून जात नाही म्हणाले, आधी यांना बघून घ्या. मी बसले. कपाळाला तीन आडव्या आठ्या होत्या, मी सहा घातल्या होत्या. मिशी एका बाजूनं विरळ. डावा डोळा दुधासारखा, आणि त्याच्या कोपऱ्यात एक बारीक लाल रेघ. मला वर बघवेना. काका माझ्याशेजारी उकिडवे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, कुठं जायची घाई नसल्यासारखे.

आबांनी काकांना विचारलं, "ही कोण?"

"आपलीच हाय, आबा," काका म्हणाले. "तुम्हाला बघायचं ऱ्हायलं व्हतं तिचं."

आबांनी मान डोलावली आणि मला नीट दिसावं म्हणून चेहरा खिडकीकडं केला.